बाह्यकर्णशोथ

बाह्यकर्णशोथ : कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंत जाणाऱ्या नळीच्या त्वचेचा जंतुसंसर्गाने होणारा दाह. प्रौढांत ही नळी सुमारे २.५ सेंमी. लांब असते. कानातला मळ किंचित आम्लधर्मी व तेलकट असल्याने या त्वचेचे रक्षण करतो. तो कोरून काढला किंवा नळी सतत ओलसर राहिली, की जंतूंचे फावते. म्हणूनच मुंबईच्या अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या दमट उपनगरांत, विशेषतः पावसाळ्यात, या विकाराला पोषक स्थिती असते. तलावात पोहणे, ओल्या कानांत तासन्‌तास इअरफोन घालणे, पिन किंवा काडीने कान कोरणे यांमुळे धोका वाढतो.

लक्षणे : जिवाणुजन्य प्रकारात (मुख्यतः स्यूडोमोनास एरुजिनोझा व स्टॅफिलोकॉकस ऑरियस) कान ठणकतो, सुजतो, कधी वाहतो. पाळी ओढली किंवा छिद्रासमोरचा, गालाकडचा कूर्चेचा उंचवटा दाबला, की कळ येते. मधल्या कानाच्या दुखण्यात सहसा असे होत नाही. बुरशीजन्य प्रकारात (ॲस्परजिलस, कँडिडा) खाज अधिक असते व दडा बसतो. ॲस्परजिलस नायजर असल्यास भिजलेल्या कागदासारख्या थरावर काळे ठिपके दिसतात.

उपचार : प्रथम डॉक्टर नळी साफ करतात व पडदा शाबूत आहे का ते पाहतात, कारण पडद्याला भोक असल्यास काही थेंब आतल्या कानाला अपायकारक ठरतात. जिवाणूंसाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे थेंब साधारण ७ ते १० दिवस, तर बुरशीसाठी क्लोट्रिमॅझोलचे थेंब सहसा त्याहून अधिक काळ देतात. सूज फार असल्यास औषधात भिजवलेली वात नळीत ठेवतात. वेदनेवर पॅरासिटामॉल चालते. उरलेले जुने थेंब परस्पर घालू नयेत. प्रतिजैविकाने बुरशी बळावू शकते. कोमट तेल, लसणाचे तेल यांनी संसर्ग बरा होत नाही, निदान मात्र लांबते. विलेपार्ल्याचे कूपर व घाटकोपरचे राजावाडी या पालिका रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत.

धोक्याची खूण : वयस्क मधुमेहींत संसर्ग कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत पसरू शकतो. रात्री झोप उडवणारी कळ, न थांबणारा स्राव किंवा तोंड वाकडे होणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रतिबंध : पावसात भिजल्यावर किंवा पोहल्यावर डोके दोन्ही बाजूंना कलते करून पाणी निथळू द्यावे, बाहेरचा कान टॉवेलने टिपावा आणि नळीत काहीही घालू नये.