शब्दाची जात वाक्यात ठरते

ठाणे स्टेशनवर रोज कानावर पडणारी तीन वाक्यं आपण घेऊ. ‘फास्ट लोकल येतेय.’ ‘आज फास्टला गर्दी आहे.’ ‘ठाणं सुटलं की गाडी फास्ट पळते.’ शब्द तोच आहे. पण पहिल्या वाक्यात तो लोकलचा गुण सांगतो, म्हणून विशेषण. दुसऱ्यात तो गाडीच्या जागी उभा राहिला, त्याला ‘ला’ हा प्रत्यय लागला, म्हणजे नाम झाला. तिसऱ्यात तो पळण्याची रीत सांगतो, म्हणून क्रियाविशेषण.

आता थोडा इतिहास बघू. यास्कानं निरुक्तात पदांचे चार वर्ग सांगितले : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीनं शेवटच्या प्रत्ययावरून दोनच मानले, सुबन्त आणि तिङन्त. मग आपल्या आठ जाती आल्या कुठून? त्या इंग्रजी व्याकरणाच्या वाटेनं आल्या, आणि इंग्रजीत त्या आल्या ग्रीक-लॅटिन परंपरेतून. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली निघालं ते याच वळणावर. पुढे १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आलं.

यातून आपल्या हाती दोन मोजपट्ट्या राहिल्या. एक रूपाची : शब्द विकारी की अविकारी. दुसरी कार्याची : शब्द वाक्यात काय काम करतो. दोन्ही नेहमी जुळतातच असं नाही. ‘गाडी पुढे गेली’ आणि ‘स्टेशनापुढे रिक्षा आहे’ ही वाक्यं बघा. दोन्हीकडे ‘पुढे’चं रूप बदलत नाही. तरी एकात ते क्रियाविशेषण आहे, दुसऱ्यात शब्दयोगी अव्यय. इथे निवाडा कामच करतं. अरविंद मंगरूळकरांनी १९६४ मध्ये ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ लिहिला, तो असाच जुना साचा तपासण्यासाठी.

याचा अर्थ कुठलाही शब्द कुठेही चालतो, असा नाही. ‘फास्टला’ हे नाम म्हणून चालतं, कारण ऐकणारा मनातल्या मनात ‘गाडी’ हा शब्द भरून घेतो.

आपण ‘शब्दांच्या जाती’ म्हणतो खरं, पण ही जात जन्मानं मिळत नाही. म्हणून ठाण्यातल्या, कल्याण-डोंबिवलीतल्या शिक्षकांना आणि पालकांना आपली एक विनंती आहे. वाक्य न देता ‘पुढे’ची जात विचारली, तर मूल पाठ केलेल्या यादीतून उत्तर देणार, आणि व्याकरण म्हणजे घोकंपट्टी अशीच त्याची समजूत होणार. आधी वाक्य द्या. मग जात ओळखायला सांगा, आणि ‘कशावरून?’ हेही विचारा.