मिस्त्री आणि मास्टर सिलिंडर

दरवर्षी विजयादशमीला कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनाचा सोहळा होतो. राजघराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक मोटारीतून तिथं येतात आणि सोनं लुटण्याआधी निम्मा चौक त्या गाडीकडेच बघत असतो. १९३० च्या दशकातली ही जर्मन गाडी कोल्हापूरकरांच्या अभिमानाचा विषय आहे. ती कोणत्या महाराजांची, तिचा रंग कसा, तसल्या गाड्या आता किती उरल्या, यावर तासभर बोलणारे लोक चौकाचौकात भेटतील. अशा गाड्या इतकी वर्षं चालत्या कोणी ठेवल्या, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

त्याच चौकात मुस्लिम बोर्डिंगची इमारत आहे. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकारानं मुस्लिम मुलांच्या शिक्षणाचं काम इथं संस्थेच्या रूपानं सुरू झालं. अशा संस्थांमुळे पुस्तकी विद्येचा हिशेब राहतो. कोण शिकला, कुठं लागला, याची नोंद कुठंतरी सापडते. हातानं शिकलेल्या विद्येचं तसं नाही. तिला हजेरीपट नाही, दाखला नाही. शहरातल्या जुन्या गॅरेजांत मुस्लिम उस्ताद पुष्कळ, तसेच मराठा, लोहार, सुतार घरांतले मिस्त्रीही. त्यांनी काय केलं ते गाड्यांना ठाऊक, कागदाला ठाऊक नाही.

हा इतिहास एखाद्या राजेशाही मोटारीवरून सांगता आला असता. पण मी त्यासाठी एक साधा पुर्जा निवडला आहे, जुन्या जीपच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर. मुठीएवढी ही ओतीव लोखंडाची वस्तू चालकाच्या पायाखाली, फळीच्या आड लपलेली असते. ती बिघडेपर्यंत ती आहे हे मालकालाही माहीत नसतं.

तिचं काम समजायला सोपं आहे. पाय पॅडलवर पडला की एक दांडी सिलिंडरमधला दट्ट्या पुढं ढकलते. दट्ट्यापुढं रबराची वाटी आणि तिच्यापुढं ब्रेक ऑइल. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून तो दाब नळ्यांतून चारी चाकांपर्यंत जातो आणि तिथले छोटे सिलिंडर ब्रेकचे जोडे ड्रमवर आवळतात. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा नियम फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालनं सतराव्या शतकात मांडला. आठवी-नववीच्या विज्ञानात आपण तो पाठ केलेला असतो.

नियम सापडल्यावर तो मोटारीच्या ब्रेकपर्यंत यायला अडीचशे वर्षांहून जास्त काळ गेला. सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक दांड्यांनी आणि तारांनी ओढले जात. एका चाकाची तार सैल आणि दुसऱ्याची ताठ असली की ब्रेक लावताच गाडी एका बाजूला खेचायची. अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडनं ही ओढाताण द्रवावर सोपवली. १९२१ च्या ड्युझेनबर्ग मोटारीत चारी चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले, १९२४ मध्ये क्रायस्लरनं ते तुलनेनं स्वस्त गाडीत आणले. हेन्री फोर्ड मात्र १९३९ च्या मॉडेलपर्यंत आपल्या मोटारींत दांड्या आणि ताराच वापरत राहिले. लॉकहीडच्या सुरुवातीच्या ब्रेक ऑइलमध्ये काय होतं, तर एरंडेल आणि अल्कोहोल. आपल्या आजीनं पोट साफ व्हायला पाजलेलं तेच एरंडेल.

दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बांधल्या. या गाडीला चारी चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक होते. आपल्याकडे ती आली त्यामागे एक गोष्ट आहे, जी मुस्लिम वाचकानं तरी माहीत करून घ्यावी. १९४५ साली जे. सी. महिंद्र आणि के. सी. महिंद्र या भावांनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्यासोबत पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. तिचं नाव होतं महिंद्र अँड मोहम्मद. फाळणी झाली. गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढं गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच या कंपनीनं मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. नावाच्या पाटीवरून मोहम्मद गेला, पण त्या जीपखाली पाठीवर झोपून पान्हा फिरवणारे अनेक मोहम्मद, इब्राहिम आणि दस्तगीर याच देशात राहिले. पाटी बदलायला एक दिवस पुरतो. कामाची परंपरा तशी तुटत नाही.

मी भाषेचा शिक्षक असल्यानं मला गॅरेजमधले शब्द ऐकायला आवडतात. पुर्जा आणि दुरुस्ती फारसीतून आले. उर्दूत लेथला खराद म्हणतात. उस्ताद हा शब्द फारसीचा, तिथून तो अरबीतही गेला. आणि मिस्त्री? हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आपल्याकडे आला. मेस्त्रेचं मूळ लॅटिन ‘मॅजिस्टर’, म्हणजे शिकवणारा, जाणकार. इंग्रजीतला ‘मास्टर’ही त्याच मुळातून आलेला, आणि त्या मास्टरचा आपण मराठीत ‘मास्तर’ केला. म्हणजे गॅरेजमधला मिस्त्री, शाळेतला मास्तर आणि जीपच्या फळीखालचा मास्टर सिलिंडर, ही तिन्ही एकाच आडनावाची माणसं झाली! इंग्रजीत क्लचच्या खालच्या सिलिंडरला ‘स्लेव्ह’, म्हणजे गुलाम म्हणतात. आमच्या गॅरेजात मालक-गुलाम ही जोडी नाही, उस्ताद-शागीर्द ही आहे. शागीर्द एक दिवस उस्ताद होतो, गुलामाला ती सोय नसते.

कोल्हापूरचा एक मिस्त्री जगाला माहीत आहे, पण पेंटर या नावानं. बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. त्यांना सिनेमा काढायचा होता आणि त्यासाठी कॅमेरा हवा होता. त्यांनी दादासाहेब मिस्त्री यांच्या मदतीनं कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. बाहेरून आलेली वस्तू उघडायची, आतलं काम समजून घ्यायचं आणि मिळत नसेल ते स्वतः घडवायचं, ही या गावाची जुनी रीत आहे. उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीतून इथले कारखाने वाढले. आज शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून देशभरच्या वाहनांसाठी ओतकाम जातं. या शहरानं सुटे भाग बनवायला शिकलं ते आधी सुटे भाग दुरुस्त करून.

आता प्रत्यक्ष काम. कोल्हापुरातून कोकणात उतरायचं तर करूळ, फोंडा, आंबोली किंवा आंबा, कुठलातरी घाट आलाच. म्हणून इथल्या उस्तादाला ब्रेकची चेष्टा चालत नाही. ‘पॅडल पोकळ लागतंय, हवा धरलीया,’ असं गाडीवाला सांगतो, पण उस्ताद आधी खात्री करतो. पॅडल दाबून मिनिटभर धरायचं. पाय हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठंच गळती नसेल, तर दाब आतल्या आत वाटीच्या कडेनं मागं निसटतोय. फळीखाली तेल ठिबकत असेल तर मागची वाटी गेली. दोन्ही बाबतींत मास्टर सिलिंडर खोलावा लागतो.

फळी काढायची, दिव्याच्या स्विचची तार आणि तेलाची नळी सोडवायची, बोल्ट काढून सिलिंडर बाहेर घ्यायचा. आतली रिंग, दट्ट्या, वाटी, स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह ज्या क्रमानं निघतात त्याच क्रमानं कापडावर मांडायची. मग सिलिंडरच्या आतून नख फिरवायचं. नख अडकलं तर गंजाचे खड्डे आहेत. हलका डाग घासून जातो. खोल खड्डा असेल तर नवा सिलिंडर, किंवा लेथवर भोक मोठं करून आत पितळी नाहीतर स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवायची. गंजलेल्या भोकात नवं किट घातलं तर खरखरीत पृष्ठभाग नवी वाटीही खाऊन टाकतो.

सगळ्यात मोठा धोका रॉकेलच्या डब्यात असतो. गॅरेजात प्रत्येक भाग रॉकेलनं धुतला जातो, पण ब्रेकच्या रबराला खनिज तेल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. घाईत इंजिन ऑइल ओतलं तर फक्त मास्टर सिलिंडर बिघडत नाही, चारी चाकांच्या वाट्या आणि रबरी नळ्या, सगळं बदलावं लागतं. म्हणून धुणं ब्रेक ऑइलनं किंवा स्पिरिटनंच. नवा सिलिंडर गाडीला लावण्याआधी व्हाइसमध्ये धरून तेलानं भरायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत दट्ट्या सावकाश चालवायचा. दांडी जोडताना पॅडलला साधारण अर्धा इंच मोकळी चाल ठेवायची. ती नसेल तर आतलं बारीक भोक झाकलेलं राहतं, तेल परत येत नाही, आणि न दाबता ब्रेक आवळलेले राहून ड्रम तापतात.

शेवटी हवा काढणं, ज्याला दोन माणसं लागतात. सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात. शागीर्द पॅडलवर, उस्ताद चाकाखाली. ‘दाब… धर… सोड.’ निप्पल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर गेलेली हवा परत आत येते. शागीर्दाचा हा बहुधा पहिला धडा असतो, आणि धडा संयमाचाच आहे.

एवढी काळजी का? त्या काळच्या जीपमध्ये चारी चाकांसाठी दाबाचा एकच मार्ग होता. एक वाटी फाटली की चारी ब्रेक गेले. अमेरिकेनं १९६० च्या दशकाच्या अखेरीस नव्या मोटारींना दुहेरी यंत्रणा सक्तीची केली, जेणेकरून एक बाजू गेली तरी दुसरी उरावी. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकारचं कोरडं तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे, ओलावा शोषलेल्यासाठी तो १४० अंशांवर येतो. घाटात ड्रम तापले की हे तेल उकळतं, वाफ धरते आणि पॅडल रिकामं जातं. कोल्हापूरच्या पावसाळ्यानंतर ब्रेक ऑइल बदला असं उस्ताद का सांगायचे, ते यात आहे.

आता एका जुन्या पुस्तकाकडे येतो. १२०६ साली दियारबकरच्या आर्तुकी दरबारात अल-जजरी या कारागिरानं यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाणी उचलणारा दोन सिलिंडरांचा पंप आहे, दट्टे आहेत, व्हॉल्व्ह आहेत, आणि दट्ट्यातून पाणी निसटू नये म्हणून दोऱ्याचं पॅकिंग आहे. हे वाचून ‘ब्रेक मुसलमानांनी शोधले’ असा मेसेज पुढं ढकलण्याची घाई कृपया कोणी करू नये. जजरीनं ब्रेक शोधले नाहीत, आणि दट्ट्याचा पंप त्याच्याही हजारावर वर्षं आधी अलेक्झांड्रियात होता. जजरीचं मोठेपण वेगळं आहे. तो हातानं काम करणारा माणूस होता आणि त्यानं मापं, आकृत्या आणि जोडणीचा क्रम लिहून ठेवला, म्हणून आठशे वर्षांनंतर लोक त्याची यंत्रं पुन्हा उभी करू शकले. दरबारात त्याच्यासारखे इतरही हुशार कारागीर असतील. ज्यांनी लिहिलं नाही, त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत.

आमचे उस्ताद त्या दुसऱ्या रांगेत जाऊन बसलेत. त्यांचं ज्ञान बोटांत आणि जिभेवर आहे. मुलं आता संगणकाला लावून दोष शोधणाऱ्या गाड्यांवर शिकतात, आणि त्यात काही वावगं नाही. पण २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले, आणि आता जुन्या जीपला कागदोपत्रीही वारसा म्हणून जागा मिळाली आहे. गाडीला क्रमांक मिळेल. तिचा ब्रेक सुरक्षित ठेवणाऱ्या माणसाला निदान एक वही तरी मिळावी.

मी माझ्या विद्यार्थ्यांना इतिहासाचा प्रकल्प म्हणून हेच सुचवतो. घरात, मोहल्ल्यात, गल्लीत जो वयस्कर मिस्त्री असेल त्याच्याजवळ बसा. त्यानं कोणाकडे शिकलं, पहिली गाडी कोणती, मिळत नव्हता तो पुर्जा कसा बनवला, कुठली चूक जिवावर बेतू शकते, हे त्याच्याच शब्दांत लिहा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, दोन्ही मिसळून लिहा, मी गुण कापणार नाही. सोबत आकृती काढा आणि मापं टाका. उस्तादाचं नाव मात्र पहिल्या पानावर, पूर्ण आणि शुद्ध लिहा.