रिचमंडची युद्धकालीन गोदी



14 एप्रिल 1944 या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या आगबोटीचा स्फोट झाला, ही हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी वाडवडिलांच्या तोंडून ऐकली असेल. एकाच बोटीत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा भरलेला होता. आग लागली, स्फोट झाले, आणि गोदीबरोबर आसपासच्या वस्तीचीही राखरांगोळी झाली. त्या आगीशी झुंजताना अग्निशामक दलाचे 66 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थच 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. परंतु ती बोट आली कोठून आणि बांधली कोणी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारला की आपण थेट पॅसिफिक महासागराच्या पलीकडच्या किनाऱ्यावर जाऊन पोहोचतो.

‘फोर्ट स्टिकिन’ 1942 साली कॅनडातील प्रिन्स रूपर्ट येथे बांधली गेली. तिची जन्मकथा अशी. महायुद्धाच्या पहिल्या दीड वर्षात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची मालवाहू जहाजे इतक्या वेगाने बुडविली की, ब्रिटिश गोद्यांना ती तूट भरून काढणे अशक्य झाले. तेव्हा 1940 च्या अखेरीस ब्रिटनने आपले शिष्टमंडळ एका साध्या मालवाहू बोटीचे आराखडे देऊन अमेरिकेस धाडले. साठ बोटींची मागणी नोंदविली गेली. त्यांपैकी तीस अटलांटिकच्या किनाऱ्यावर मेन संस्थानात बांधावयाच्या आणि तीस कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी असलेल्या रिचमंड गावी. त्याच घराण्यातल्या बोटी कॅनडानेही बांधावयास घेतल्या. म्हणजे मुंबईत फुटलेली बोट आणि रिचमंडला प्रथम बांधलेल्या बोटी एकमेकींच्या बहिणीच म्हणावयाच्या. या रिचमंडच्या गोदीचा आणि तिच्या जागेचा इतिहास मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम जागा पाहू. रिचमंडचा तो किनारा म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणारी दलदल होती. तेथे शेकडो वर्षे ओलोनी या मूळ रहिवाशांची वस्ती होती. त्यांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे टेकडीएवढे ढीग किनाऱ्यावर उभे होते. त्या ढिगांत ते आपले मृतही पुरीत. विसाव्या शतकाच्या आरंभी नेल्स नेल्सन या संशोधकाने त्यांपैकी एक ढीग उकरून त्याची पाहणी केली. पुढे बंदराच्या कामात तो सपाट झाला. 1900 साली रेल्वे आली, पाठोपाठ खनिज तेल शुद्ध करण्याचा मोठा कारखाना आला, 1931 साली फोर्ड मोटारींचा कारखाना निघाला. तरीही 1940 च्या शिरगणतीत गावाची वस्ती चोवीस हजारांच्या आतच होती. त्यांत कृष्णवर्णीय माणसे मोजून 270.

अशा गावी हेन्री कैसर हे गृहस्थ आले. ते रस्ते आणि धरणे बांधणारे कंत्राटदार. जहाजबांधणीत त्यांचे आयुष्य गेलेले नव्हते, आणि हेच त्यांच्या पथ्यावर पडले. 1941 च्या जानेवारीत चिखलात भराव पडू लागला, एप्रिलात पहिल्या बोटीचा कणा ठेवला गेला आणि ऑगस्टात ‘ओशन व्हॅनगार्ड’ ही बोट पाण्यात उतरली. गोदी अजून पुरी व्हावयाची होती, तोच बोट तयार! पुढे अमेरिका स्वतः युद्धात उतरली आणि एकीच्या चार गोद्या झाल्या. युद्ध संपेपर्यंत त्या चार गोद्यांनी मिळून 747 जहाजे बांधली. त्यांतली बहुसंख्य ‘लिबर्टी’ जातीची. हे जहाज लांबीला 441 फूट, वेगाने ताशी अकरा सागरी मैल, पोटात दहा हजार टन माल घेणारे. दिसावयास ओबडधोबड, पण काम चोख.

ही किमया कशी साधली? जुन्या पद्धतीत जहाज एकाच जागी, कण्यापासून वरपर्यंत, एकेक पत्रा रिव्हेटने ठोकून उभे राहत असे. ते काम शिकावयास उमेदवारीची वर्षे लागत. कैसर यांनी जहाजाचे तुकडे पाडले. तळाचे भाग, भिंती, डेकवरच्या खोल्या असे मोठमोठे खंड निराळ्या मांडवांत तयार व्हावयाचे आणि क्रेनने उचलून जागेवर बसवावयाचे. रिव्हेटऐवजी बहुतेक ठिकाणी वेल्डिंग आले. कामाचे इतके बारीक भाग केले की, ज्याने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता असा माणूसही थोड्या आठवड्यांच्या शिकवणीवर आपल्या वाट्याचे काम करू लागला. 1942 च्या नोव्हेंबरात ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे जहाज कणा ठेवल्यापासून पाच दिवसांच्या आत पाण्यात सोडले गेले. तो खास तयारी करून केलेला विक्रम होता, रोजचा वेग नव्हे. परंतु रोजचा वेगही जगाने पूर्वी पाहिलेला नव्हता.

एवढ्या घाईत दोषही निघाले. कित्येक लिबर्टी बोटींच्या कवचास थंड समुद्रात भेगा पडल्या आणि काही बोटी दुभंगल्या. वेल्डिंग करणाऱ्या नवख्या हातांवर प्रथम ठपका आला. वेल्डिंगमध्ये उणिवा होत्याही. परंतु केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषीने प्रयोगांनी दाखवून दिले की, त्या जातीचे पोलाद थंडीत काचेसारखे ठिसूळ बनते. रिव्हेटच्या जहाजात भेग एका पत्र्याच्या कडेला थांबे. वेल्डिंगच्या अखंड कवचात ती धावत सुटे. कामगाराच्या हाताला दोष देणे नेहमीच सोपे असते, म्हणून ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली.

आता त्या हातांविषयी बोलू. ऐन भरात या गोद्यांत नव्वद हजारांवर माणसे राबत होती. गावाची वस्ती एक लाखावर गेली. एकच बिछाना पाळीपाळीने दोघे-तिघे वापरीत. कामगारांत चौथ्या हिश्श्याच्या आसपास बायका होत्या. दक्षिणेकडील संस्थानांतून, लुईझियाना, टेक्सास, आर्कान्सामधून, हजारो कृष्णवर्णीय माणसे कापसाची शेते सोडून आली. युद्धाला माणसे हवी होती, म्हणून गोदीचे दार उघडले. मात्र ते आपोआप उघडले असे कोणी समजू नये. रेल्वेच्या झोपगाड्यांतील कृष्णवर्णीय हमालांची संघटना बांधणारे ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा 25 जून 1941 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धसामग्रीच्या उद्योगांत वर्णभेद करू नये असा हुकूम काढला आणि त्यावर देखरेखीस एक समिती नेमली. हा विजय एका कामगार संघटनेच्या पुढाऱ्याचा होता.

आणि आता दुसऱ्या एका संघटनेविषयी बोलावयाचे आहे. मी स्वतः आयुष्यभर संघटनेचे काम केलेला माणूस आहे. मालकांच्या अन्यायावर मी तासन् तास बोलू शकतो. परंतु आज जे सांगावयाचे आहे ते आपल्याच घरातले आहे, आणि ते लपविले तर या व्यासपीठावर उभे राहण्याचा मला अधिकार उरणार नाही.

गोदीतील बहुतांश कामे बॉयलरमेकर्सच्या जुन्या, बलाढ्य संघटनेच्या कक्षेत होती. मालकांशी तिचा करार असा की, जो संघटनेत नाही त्याला काम नाही. संघटनेच्या दृष्टीने हे मोठेच यश. परंतु याच संघटनेत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. मग यांना कामावर घ्यावयाचे कसे? त्यासाठी संघटनेने जोडशाखांची युक्ती काढली. रिचमंडला अशा एका जोडशाखेची स्वतंत्र कचेरी होती. तेथे कृष्णवर्णीय कामगाराने गोऱ्यासारखीच वर्गणी भरावयाची. परंतु संघटनेच्या अधिवेशनात त्याला मत नाही, स्वतःचा प्रतिनिधी निवडण्याचा हक्क नाही, गाऱ्हाणे मांडावयाचे ते गोऱ्यांच्या शाखेमार्फत, आणि विम्याचे फायदेही कमी. वर्गणीची पावती एक, माणुसकी निम्मी! पंक्तीला बोलवावे आणि पान मात्र अंगणात मांडावे, यातला अर्थ मराठी श्रोत्यांना फोड करून सांगावयास नको.

याची कारणे काय, हेही पाहिले पाहिजे. ती संघटना कारागिरांची होती. अनेक वर्षांच्या उमेदवारीने मिळविलेले कसब हीच तिची ताकद. कैसर यांच्या नव्या पद्धतीने त्या कसबाची मक्तेदारी मोडली. नवशिक्या माणसांचा लोंढा आला, आणि युद्ध संपताच ही माणसे आपली भाकरी हिसकावतील ही धास्ती जुन्या सभासदांच्या मनात बसली. भीती खोटी नव्हती. परंतु तिच्यावर उपाय होता तो सर्वांना आत घेऊन एका मुठीने लढण्याचा. त्याऐवजी कसबाचे कुंपण गेले म्हणून त्यांनी रंगाचे कुंपण घट्ट केले.

ज्यांचे पाप त्यांच्या पदरात घालताना दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कैसर यांनी डॉ. सिडनी गारफील्ड यांच्या मदतीने कामगारांसाठी दवाखाना काढला. आठवड्याला थोडेसे पैसे पगारातून कापून द्यावयाचे आणि आजारात उपचार मिळवावयाचे, अशी ती योजना. त्या दवाखान्यात रंगानुसार वेगळे वॉर्ड नव्हते. मालकाच्या दवाखान्यात कामगार एका रांगेत आणि कामगारांच्या संघटनेत दोन रांगांत, हे दृश्य माझ्यासारख्याला खाली मान घालावयास लावते.

पण मान वर करावयासही जागा आहे. 1943 च्या अखेरीस सरकारी समितीने या जोडशाखा अन्यायाच्या आहेत असा निर्णय दिला. अंमल करण्याचे हत्यार मात्र तिच्या हाती नव्हते. त्याच सुमारास उपसागराच्या दुसऱ्या काठावर, सॉसॅलिटोच्या मॅरिनशिप गोदीत, कृष्णवर्णीय कामगारांनी जोडशाखेला वर्गणी देण्याचे साफ नाकारले. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. जोसेफ जेम्स हा वेल्डर त्यांचा पुढारी. ही माणसे न्यायालयात गेली. डिसेंबर 1944 च्या अगदी शेवटी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा की, कामासाठी सभासदत्वाची सक्ती करावयाची असेल तर सभासदत्वाचे दार रंगावरून बंद ठेवता येणार नाही. दोन्ही गोष्टी एकदम करता येणार नाहीत. त्यांनी संघटना नको असे म्हटले नव्हते. पुरते सभासद करून घ्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आणि त्याच उपसागरावर हॅरी ब्रिजेस यांच्या गोदी कामगारांच्या संघटनेत काळे-गोरे एकत्र होते. 1950 साली याच संघटनेने आपल्या सभासदांना कैसर-गारफील्ड यांच्या आरोग्य योजनेत नेले आणि युद्धानंतर ती योजना सावरण्यास हातभार लावला. म्हणजे दोष संघटना या कल्पनेचा नव्हता; तो दार लावून बसणाऱ्यांचा होता.

परंतु न्याय मिळाला तेव्हा काम सरत आले होते. 1945 च्या ऑगस्टात युद्ध संपले आणि पुढल्या वर्षभरात गोद्या ओस पडल्या. नव्वद हजारांचे गाव बेकार झाले. घरांची तर आणखीच परवड. युद्धकाळात सरकारने बांधलेली अॅचिसन व्हिलेजसारखी चांगली वसाहत गोऱ्यांसाठी राखलेली होती. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला रेल्वेरुळांजवळच्या तात्पुरत्या चाळी आल्या. युद्ध सरल्यावर त्या चाळी पाडल्या गेल्या, आणि सरकारच्याच पतहमीने उठलेल्या नव्या उपनगरांत त्यांना घर घेण्यास बंदी होती. ज्यांनी जहाजे बांधली त्यांना त्याच गावात छप्पर मिळेना.

आज तेथे काय आहे? दुसऱ्या क्रमांकाच्या गोदीच्या जागी नव्या घरांची वसाहत आणि नौकाविहाराचे बंदर आहे. तेथील उद्यानात 2000 साली गोदीतल्या स्त्रीकामगारांचे स्मारक उभारले गेले. त्याची पायवाट लिबर्टी जहाजाच्या लांबीएवढी, 441 फुटांची आहे. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने या परिसरास राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा दिला. तिसऱ्या क्रमांकाच्या गोदीतील जहाजबांधणीची पाच प्रचंड काँक्रीटची कुंडे शाबूत आहेत, आणि तेथे 1944 साली रिचमंडलाच बांधलेले ‘रेड ओक व्हिक्टरी’ हे जहाज पाहावयास मिळते.

या उद्यानाची आखणी चालू असताना बेटी रीड सॉस्किन या कृष्णवर्णीय बाई बैठकांना जाऊ लागल्या. युद्धकाळात त्या बॉयलरमेकर्सच्या रिचमंडमधील जोडशाखेच्या कचेरीत कारकून होत्या. वेल्डिंगची टोपी घातलेल्या हसतमुख गोऱ्या स्त्रीचे चित्र जिकडे तिकडे लावलेले त्यांनी पाहिले आणि ही आमची कथा नव्हे असे त्या सांगू लागल्या. पुढे त्या उद्यानातच रेंजरच्या नोकरीस लागल्या, येणाऱ्या लोकांना गोदीची पुरी हकीकत सांगत राहिल्या, आणि 2022 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, निवृत्त झाल्या. जहाजांचे आकडे सरकारी दप्तरात होतेच. जोडशाखेची कचेरी मात्र त्या बाईंनी इतिहासात आणली.

मंडळी, 747 जहाजांचा पराक्रम खरा आहे, आणि तो माझ्या लेखी लहान नाही. परंतु मी संघटनेच्या कामाला नवीन येणाऱ्या तरुणांना रिचमंडची गोष्ट सांगतो ती जहाजांसाठी नव्हे. आपल्या कचेरीच्या दारात वर्गणी घेऊन आपण कोणाला बाहेरच उभे केले आहे, बदलीवाल्याला, कंत्राटी कामगाराला, झाडूवालीला, हे वर्षातून एकदा तरी उठून पाहावे, एवढ्यासाठी सांगतो.