धोटा आणि आज्ञावली

दरवर्षी श्रावणात भगवान जिव्हेश्वरांच्या जन्मोत्सवास आपण साळी बांधव एकत्र जमलो, की वृद्ध मंडळींच्या बोलण्यात मागाच्या गोष्टी निघाल्यावाचून राहत नाहीत. कोणाच्या घरी किती माग होते, कोणाच्या हाताला कशी सफाई होती, कोणती माउली कांड्या भरता भरता ओव्या म्हणे, हे सारे तरुण मंडळी आदराने ऐकतात. पण त्यांचे चित्त हातातील मोबाइलमध्ये असते. माग हा भूतकाळ व संगणक हा भविष्यकाळ, असा समज दोन्ही पिढ्यांत रूढ झाला आहे. हा समज इतिहासास धरून नाही, हे दाखवावे आणि त्यावरून बीड जिल्ह्यातील आपल्या शाळकरी मुलामुलींकरिता संगणकाच्या कार्यशाळा कशा असाव्यात याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विणकामाचे मूळ तत्त्व आपणांस सांगावयास नको. ताण्याचा धागा एक तर वर उचलला जातो, नाही तर खाली राहतो. तिसरी अवस्था त्यास नाही. मधून धोटा जातो व बाण्याची एक ओळ पडते. कोणत्या ओळीस कोणते धागे उचलावयाचे, यातच सारी नक्षी साठविलेली असते. गोदावरीच्या पलीकडील तीरावर, पैठणास, पैठणीच्या पदरावर मोर विणणारा कारागीर एकेक धागा मोजून रंगीत कांड्या फिरवितो. त्याचे गणित त्याच्या बोटांत असते. औरंगाबादच्या हिमरूच्या जुन्या मागावर मात्र नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यात आधीच बांधून ठेवीत व वर बसलेला साहाय्यक त्या दोऱ्या क्रमाने ओढी. करावयाचे काम आधी क्रमवार बांधून ठेवणे, यालाच आजच्या भाषेत आज्ञावली किंवा प्रोग्राम म्हणतात.

पुढे १८०४ साली फ्रान्समधील ल्यों शहरच्या जोसेफ मारी जकार याने या साहाय्यकाचे काम पुठ्ठ्याच्या छिद्रे पाडलेल्या पत्र्यांकडून करवून घेतले. आपल्याकडे ज्यास ‘जेकार्ड’ म्हणतात ते हेच. छिद्र असेल तेथे धागा वर, नसेल तेथे खाली. एक पत्रा म्हणजे बाण्याची एक ओळ. पत्रे एकमेकांस ओवून त्यांची माळ केली की तीच नक्षी पुनःपुन्हा विणता येई. पोट जाईल या भीतीने तेथील विणकरांनी या यंत्रास कडवा विरोध केला. ती भीती अनाठायी होती असे आपण तरी म्हणू शकत नाही. तथापि १८३९ साली याच पद्धतीने, सुमारे २४,००० पत्रे वापरून, जकारचे चित्र रेशमात विणले गेले व त्याची एक प्रत इंग्लंडातील गणिती चार्ल्स बॅबेज याने आपल्या घरी मोठ्या अभिमानाने बाळगली होती.

हा बॅबेज म्हणजे आधुनिक संगणकाचा आद्य कल्पक होय. आपल्या नियोजित यंत्रास आज्ञा देण्याकरिता त्याने छिद्रांकित पत्रेच योजिले होते. ते यंत्र पुरे झाले नाही; परंतु त्यावर १८४३ साली टिपणे लिहिणाऱ्या एडा लव्हलेस या विदुषीने त्याच्या कार्याची तुलना थेट मागाशी केली होती. पुढे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ याने माणसांची मोजदाद छिद्रपत्रांवर केली. आपल्या देशात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. आज पत्रे गेले, पण छिद्र आहे किंवा नाही, एक किंवा शून्य, हे तत्त्व कायम आहे. ते ज्या घराण्यांच्या अंगणात शतकानुशतके नांदले, त्यांच्या मुलांनी संगणकास परके मानावे, यासारखे दुर्दैव ते कोणते?

मग आपण मागे का पडलो? याचे एक कारण राजकीय आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामी अमलाखाली होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. तेव्हा उच्च विद्येच्या दारी मराठी मुलास आधी परभाषेचा उंबरा ओलांडावा लागे. औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघावयास १९५८ साल उजाडले. दुसरे कारण अधिक जिव्हारी लागणारे आहे. हातमाग बसले आणि आपली कितीतरी कुटुंबे सोलापूर, इचलकरंजी, भिवंडीच्या वाटेस लागली. तेथे मागावर हात आपला होता, पण नक्षी दुसऱ्याची, पत्रे दुसऱ्याने पाडलेले. नक्षी बांधणारा तो आपण केवळ यंत्र चालविणारे झालो. हाच प्रसंग संगणकाच्या बाबतीत आपल्या मुलांवर पुन्हा येऊ नये, अशी आमची कळकळ आहे.

शालेय संगणकशिक्षणाचा आपल्या देशातील इतिहास याच दृष्टीने पाहावा. १९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाची योजना काढून प्रारंभी सुमारे २५० शाळांत ब्रिटिश बनावटीचे बी.बी.सी. मायक्रो संगणक दिले. हेतू स्तुत्य होता. परंतु यंत्रे मोजकी, सामग्री इंग्रजी, आणि खेडोपाडी हे वारे पोहोचलेच नाही. पुढे संगणक आले, तेव्हाची आठवण आमच्यापैकी अनेकांस असेल. खोलीबाहेर पायताणे काढावयाची, हाताची घडी घालून रांगेने उभे राहावयाचे, गुरुजी कळ दाबीत ते पाहावयाचे व घरी जावयाचे. देवदर्शन घडे, विद्या मात्र घडत नसे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना होऊन एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम मराठीतून गावोगाव गेला व असंख्य लोकांची संगणकाची भीती मोडली, हे उपकार मोठे आहेत. पण तो अभ्यासक्रम यंत्र वापरण्याचा आहे. यंत्रास नवी नक्षी बांधून देण्याचा नव्हे.

नक्षी बांधावयास शिकविणारी रीत निराळी आहे व ती मुळात बालकांकरिताच निघाली. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन व वॉली फॉयर्झाइग यांनी लोगो ही भाषा रचली. तीत मूल कासवास आज्ञा देते: शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ, असे चार वेळा कर, आणि चौकोन उमटतो. चुकले तर गुरुजी रागावत नाहीत. कासव भलतीकडे जाते व मूल आपली चूक आपण शोधते. २००७ साली निघालेल्या स्क्रॅचमध्ये तर आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांस जोडावयाचे असतात. २०१२ पासून रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक मिळू लागला. २०१६ साली निघालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांकरिता शाळेस वीस लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक पायरीपूर्वीच आज्ञालेखनाचा पुरस्कार केला. मुंबईच्या आय.आय.टी.चे ध्वनिचित्रपाठ मराठीतही उपलब्ध आहेत. साधनांची उणीव पूर्वीसारखी राहिलेली नाही. उणीव आहे ती योजनेची.

बीड जिल्ह्यात ही योजना जिल्ह्याच्या जीवनक्रमास धरून हवी. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखो माणसे ऊसतोडीस बाहेर पडतात व पुष्कळांच्या पाठोपाठ मुलेही शाळा सोडून जातात. ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. हिवाळ्यात भरविलेल्या कार्यशाळेत ही मुले कोठून यावीत? म्हणून आमची सूचना अशी, की आपल्या संस्थेने मे महिन्यात आठ दिवसांची कार्यशाळा भरवावी. पहिले दोन दिवस यंत्र नकोच. चौकटीच्या कागदावर मुलांनी काठाची एखादी वेल काढावी, भरलेली चौकट एक व रिकामी शून्य असे लिहावे, आणि दुसऱ्या मुलाने केवळ ते आकडे ऐकून तीच वेल काढून दाखवावी. मागावर बसलेल्या एखाद्या आजोबांना याच वेळी बोलवावे. नंतर संगणक, एका यंत्रास दोनांपेक्षा अधिक मुले नसावीत व मुलींच्या जागा आधी भराव्यात. मुख्य म्हणजे कळफलकावर बोटे मुलांचीच असावीत.

कोल्हापुरात १९०१ पासून शाहू महाराजांच्या आश्रयाने निरनिराळ्या जातींच्या मुलांकरिता वसतिगृहे उभी राहिली. त्यांतूनच पुढे कितीएक पिढ्या शिकल्या. ज्ञातिसंस्थांचे खरे भूषण तेच. तद्वत या कार्यशाळेचा खर्च आपण करावा, पण तिचे दार गावातील प्रत्येक मुलास उघडे असावे, कारण ऊसतोड्याचे मूल आणि विणकराचे मूल यांची अडचण एकच आहे. बीड शहरात आगगाडी यावयास सप्टेंबर २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली. ही विद्या रुळांची वाट पाहत नाही. तिला एक खोली, थोडी यंत्रे व शिकविणारा मनुष्य एवढेच पुरे.

आपल्या पूर्वजांनी ताण्याच्या हजारो धाग्यांतून एक तुटला तरी तो शोधून जोडला. तोच धीर, तीच नजर आपल्या मुलांच्या रक्तात आहे. ज्यांस शक्य आहे त्यांनी वर्गणी द्यावी. जे तरुण पुणे-मुंबईस संगणकाच्या व्यवसायात आहेत त्यांनी वर्षातील आठ दिवस द्यावेत. भगवान जिव्हेश्वर या कार्यास यश देवोत.