परमिट रूम, शनिवारची रात्र आणि नवापूरचा बाक

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये असून, फलाटावरील एका बाकाच्या मधोमध राज्यांची सीमा रंगवलेली आहे. त्यामुळे बाकाच्या एका टोकाला दारूबंदी, तर दुसऱ्या टोकाला १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावर मद्यपान चालते आणि याच परवान्यावरून मराठीत बारला ‘परमिट रूम’ हे नाव पडले. पुरुषा-पुरुषांतील संबंध गुन्हा ठरवणारे, जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगणारे १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ मात्र दोन्ही टोकांना सारखेच लागू होते.

अशा कायद्याखाली ‘गे बार’, म्हणजे समलिंगी ग्राहकांसाठीचे मद्यगृह, उघड पाटी लावून चालणे शक्यच नव्हते. मुंबईत भेटी होत त्या गेटवेजवळच्या समुद्रकाठच्या भिंतीपाशी, बागांत आणि लोकलच्या डब्यांत, जिथे पोलिसांची आणि खंडणी उकळणाऱ्यांची भीती कायम असे. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले, आणि त्याच दशकात कुलाब्याच्या आर्थर बंदर रस्त्यावरील ‘व्हूडू’ या पबमध्ये शनिवारची रात्र समलिंगी पुरुषांची म्हणून ओळखली जाऊ लागली. आठवड्यातून एकच रात्र का होईना, पुरुषाला पुरुषासोबत दिव्याच्या उजेडात नाचता आले, ही गोष्ट लहान नव्हती. १९९८ मध्ये ‘गे बॉम्बे’ हा गट सुरू झाला आणि पुढे त्याच्या पार्ट्या भाड्याच्या जागांत होऊ लागल्या. पण प्रवेशशुल्क आणि इंग्रजी बोलण्याचा रिवाज यांमुळे नंदुरबारच्या तरुणाला ते दार मुंबईत पोहोचूनही बंदच राहण्याचा संभव होता.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळल्यानंतर मोठी हॉटेले अशा रात्री उघडपणे भरवू लागली, ओळखी मोबाइलवर होऊ लागल्या, आणि आसरा असलेला बार उत्सवाची जागा बनला. लंडनमध्ये तर २००६ नंतरच्या दशकात अशी ठिकाणे निम्म्याहून कमी झाली, ज्याला वाढती भाडी आणि पुनर्विकास हेही कारण होते. नंदुरबारमध्ये मात्र हा क्रम उलटा लागला: बारच्या आधी मोबाइल आला, आणि निर्धास्त बसता येईल अशी खोली अजून यायचीच आहे.