गरम चीज डिप आणि 'लाब' नावाचा शब्द

गेल्या पौषात नणंदेच्या मुलीला नोकरी लागली. घरीच पार्टी, वीस-बावीस माणसं. तिने फोन करून हुकूमच सोडला, "मामी, तू ते गरम चीज डिप करायचंस. भाज्या घातलेलं. खाकऱ्याबरोबर मस्त लागतं." मी हो म्हटलं. मग ती सहज म्हणाली, "आणि आत्याआजी पण येणार आहेत गं." माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. वय आता ब्याऐंशी. रात्रिभोजनाचा त्याग, कंदमुळांचा त्याग, चातुर्मासात पालेभाजी बंद. चीज मात्र त्या खातात, आणि आवडीने खातात. आमच्यात मर्यादा काटेकोर पाळणारे चीजला हातच लावत नाहीत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांचं म्हणणं सरळ आहे. पण आत्यांसारखे पुष्कळ जण आहेत, जे खातात आणि खाण्याआधी एकच गोष्ट विचारतात: दूध कशाने साकळलं?

एकोणीस वर्षांपूर्वी मी त्यांना हा प्रश्न विचारायची वेळच येऊ दिली नव्हती. माझे दीर झुरिचहून आले होते. येताना चीजचा एक मोठा तुकडा आणला होता, पाकिटावर हिरवा डोंगर आणि गळ्यात घंटा बांधलेली गाय. मी त्याचंच गरम डिप केलं, मका आणि सिमला मिरची घालून. आत्यांनी दोनदा मागून घेतलं. "घरचं आहे ना गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "हो आत्या, दूध आणि मीठच आहे त्यात." पाकीट मी वाचलं होतं, खोटं बोलले नव्हते. दूध, मीठ हे शब्द अंदाजाने कळले होते. तिसरा शब्द होता 'लाब'. मला वाटलं, लॅबमध्ये तपासलेलं असेल.

पाकिटावरच्या गाईसाठी ते लेकीच्या चित्रवहीत चिकटवलेलं होतं. पुढे जून महिन्यात जर्मन शिकणारी शेजारची मुलगी वही चाळताना म्हणाली, "काकू, तुम्ही हे खाल्लंत? लाब म्हणजे रेनेट."

तेव्हापासून चीजविषयी हाताला लागेल ते वाचत आले आहे. पार्टीच्या निमित्ताने ते सगळं एकदा लिहून काढते.

रेनेट म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य. गाईचं वासरू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू ही आईच्या दुधावर असतात तेव्हा त्यांच्या जठराच्या चौथ्या कप्प्यात कायमोसिन नावाचं एक एन्झाइम तयार होतं. पोटात गेलेलं दूध त्यामुळे घट्ट होतं आणि सावकाश पचतं. वासरू चारा खायला लागलं की ते कमी होत जातं. म्हणून रेनेटसाठी दूधपितं वासरूच लागे. युरोपातल्या शेतघरांत त्या जठराची वाळवलेली पट्टी मिठाच्या पाण्यात भिजवून ते पाणी दुधात घालत. 1874 मध्ये कोपनहेगनला ख्रिश्चन हान्सेन यांनी त्याचा प्रमाणित अर्क बाटलीतून विकायला सुरुवात केली, आणि घरात होत होतं ते कारखान्यात गेलं. ज्या बाईने स्वतः पट्टी भिजवली तिला चीजमध्ये काय आहे ते ठाऊक होतं. बाटली आल्यावर ते ठाऊक असणं पाकिटावरच्या एका शब्दापुरतं उरलं.

पण वासराशिवाय दूध साकळतच नाही असं नाही, आणि हे मला वाचताना सगळ्यात आवडलं. होमरच्या 'इलियड'मध्ये अंजिराच्या चिकाने दूध झटकन साकळतं अशी उपमा आली आहे. पहिल्या शतकात शेतीवर लिहिणारा रोमन लेखक कोलुमेला कोकराच्या-करडाच्या रेनेटबरोबरच अंजिराचा चीक, रानटी काटेफूल आणि करडईचं बी यांचीही नावं घेतो. करडई! आमच्या माहेरच्या रानात ज्वारीच्या कडेने काटेरी करडई लावायचे, जनावरं आत शिरू नयेत म्हणून. त्या बियांचं तेल खाल्लं, पण त्यांनी दूध साकळतं हे कुणी सांगितलं नव्हतं. अंजिराची गंमत वेगळी. ते आपल्या उंबराच्या कुळातलं, आणि पंच उदुंबर फळं तर मूळगुणांतच वर्ज्य. चीक म्हणजे फळ नव्हे, हे मी आत्यांना एकदा म्हणून पाहिलं. त्या नुसत्या हसल्या.

काटेफुलाचं चीज आजही होतं. पोर्तुगालमधलं सेरा दा एस्त्रेला आणि स्पेनमधलं तोर्ता देल कासार ही मेंढीच्या दुधाची चीजं कार्डून नावाच्या झाडाच्या वाळवलेल्या फुलांनी साकळवतात. जांभळी तुरेदार फुलं असतात. हा कार्डून म्हणजे आर्टिचोकचा सख्खा भाऊ. आता अमेरिकेतल्या पार्ट्यांचं जे प्रसिद्ध गरम डिप, 1990 च्या दशकात तिथल्या हॉटेलांत ज्याची लाटच आली, ते पालक आणि आर्टिचोकचं. म्हणजे वासराच्या रेनेटच्या चीजमध्ये नेमकी ती भाजी घालतात, जिच्या फुलाने वासराची गरजच उरली नसती. आपल्याकडेही वायव्येला, सिंध-पंजाब-अफगाणिस्तानकडे, पनीर डोडीच्या फळांनी दूध साकळवायची रीत होती. महाराष्ट्रात ती नव्हती. आपलं दूध विरजणाने लागलं नाही तर लिंबाने फाटलं, आणि फाटलं तर बाई हळहळली.

आता डिपकडे. वितळलेल्या चीजमध्ये काहीतरी बुडवून खायचं, याचं सगळ्यात नावाजलेलं रूप स्वित्झर्लंडचं फोंड्यू. झुरिचच्या 1699 च्या एका हस्तलिखित पाककृतीच्या वहीत वाइनमध्ये चीज शिजवायची कृती आहे. पण तेव्हा ते साऱ्या देशाचं खाणं मुळीच नव्हतं. फ्रान्समध्ये ब्रिया-साव्हाराँ 1825 मध्ये फोंड्यू म्हणून जे सांगतो त्यात तर अंडी आहेत. स्विस चीज संघ 1914 मध्ये स्थापन झाला, आणि 1930 च्या दशकात चीजचा खप वाढावा म्हणून त्याने फोंड्यूला राष्ट्रीय पदार्थ करून टाकलं. 1999 पर्यंत हा संघ होता. परंपरा कशा तयार होतात बघा. आमच्या लेकरांना फोंड्यू म्हणजे आल्प्समधल्या गवळ्यांचं हजार वर्षांचं जेवण वाटतं.

फोंड्यूच्या भांड्याला आतून लसूण चोळतात, त्यात वाइन ओततात, वर चेरीची दारू घालतात, आणि चीज वासराच्या रेनेटचं. एका भांड्यात आमच्याकडचं चालत नाही ते जवळजवळ सगळंच. पण वाइन चवीपुरती नसते, हे स्वयंपाक करणारीला कळायला हवं. नुसतं चीज तापवलं की तेल वेगळं होतं आणि खाली रबराचा गोळा बसतो. कारण चीजमधली प्रथिनं कॅल्शियमने एकमेकींना घट्ट धरून असतात. वाइनमधलं आम्ल ती पकड सैल करतं. कॉर्नफ्लोअर फोंड्यूत विसाव्या शतकाच्या आरंभी आलं, तेही चीज फुटू नये म्हणून.

ही पकड कायमची सैल केली ती स्वित्झर्लंडमधल्याच थून गावच्या वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी, 1911 मध्ये. त्यांनी चीज सायट्रेट क्षारांबरोबर वितळवलं. ते फुटेना, आणि थंड झाल्यावर डब्यात टिकेनाही असं झालं नाही. 1916 मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं, पहिल्या महायुद्धात सैन्याला चीजचे डबे गेले. आपल्या फ्रिजमधलं चौकोनी प्रोसेस्ड चीज हे त्यांचंच नातवंड. घटकांत 331 आकडा दिसला तर तो सोडियम सायट्रेट. आणि सोडियम सायट्रेट म्हणजे काय, तर लिंबूफूल आणि खायचा सोडा पाण्यात एकत्र केल्यावर फसफसून जे उरतं ते. वाइनची गरज संपली!

राहिलं रेनेट. 1960 च्या दशकात चीजची मागणी वाढली आणि वासरांची जठरं कमी पडू लागली. दयेपोटी नव्हे, टंचाईपोटी शोध सुरू झाला. जपानमध्ये आरिमा केई आणि सहकाऱ्यांना मातीतल्या एका बुरशीत दूध साकळवणारं एन्झाइम सापडलं. तेच मायक्रोबियल रेनेट, अमूलच्या चीजमध्ये असतं ते याच जातीचं. नंतर 1990 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आणखी एका प्रकाराला मान्यता दिली. यात वासराच्या कायमोसिनची जनुकीय सूचना सूक्ष्मजीवात घालतात, मग तो सूक्ष्मजीव टाकीत वाढून कायमोसिन तयार करत राहतो. आज जगातलं बरंचसं चीज याने होतं. आपल्याकडे या शतकाच्या आरंभी पाकिटांवर हिरवा ठिपका आला आणि आपण सुटकेचा श्वास सोडला. पण दोन्हींतलं कोणतं, हे ठिपका सांगत नाही. त्यासाठी बारीक अक्षरच वाचावं लागतं.

जूनमध्ये कळलेली गोष्ट मी आत्यांना लगेच सांगितली नाही. पर्युषण गेलं, अनंत चतुर्दशी गेली. क्षमावाणीच्या दिवशी सगळे एकमेकांना हात जोडत होते, तेव्हा मी त्यांना आतल्या खोलीत नेऊन सांगितलं. वासराचं जठर हा शब्द तोंडातून निघेना. त्या खाटेवर बसल्या. रागावल्या नाहीत. बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "तुला कळलं कधी?" मी म्हटलं, "जूनमध्ये." "मग तीन महिने मला का ठेवलंस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नकळत झालं ते त्यांनी तिथेच सोडून दिलं. कळूनही मी गप्प राहिले, ते त्यांच्या मनाला लागलं. त्या दिवसापासून पंधरा दिवस त्यांनी दुधाचा रस सोडला. मीही सोडला, त्यांना न सांगता.

तर या पौषातलं डिप. चातुर्मास संपलेला, त्यामुळे पालक चालणार होता. मी तीन पाण्यांत पान-पान धुऊन, उजेडात बघून घेतला. दोन कच्ची केळी उकडून कुस्करली, बटाट्याचं काम तीच करतात. मक्याचे दाणे दोन वाट्या, सिमला मिरची एक, हिरवी मिरची, मिरपूड, आणि लसणाच्या जागी तुपात फुलवलेला हिंग. दोन वाट्या तापवलेल्या दुधात चमचाभर कॉर्नफ्लोअर. एका वाटीत चार चमचे गाळलेल्या पाण्यात पाव चमचा लिंबूफूल आणि त्याहून किंचित जास्त सोडा. फेस पूर्ण बसू द्यायचा, मगच ते दुधात घालायचं. आच मंद ठेवून चारशे ग्रॅम किसलेलं चीज मूठ-मूठ सोडत गेले. त्यातलं दीडशे प्रोसेस्ड. उकळी येऊ द्यायची नाही. शेवटी भाज्या आणि केळं. बुडवायला गव्हाचे खाकरे आणि कडक भाकरीचे तुकडे. मुलीने मूगडाळीचे चिप्सही आणले होते, ते मी दुसऱ्या टेबलावर ठेवले. द्विदलाचा घोळ नको.

सव्वापाचला आत्या आल्या. भांडं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही पाकिटं धुऊन-पुसून पदराखाली ठेवली होती, ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा बदलला. मी ओळीवर बोट ठेवलं: मायक्रोबियल रेनेट. बुरशीचं आहे हे सांगितलं, म्हणजे अनंतकायचा प्रश्न येतो हेही. ते एन्झाइम गाळून वेगळं करतात, बुरशी चीजमध्ये राहत नाही, तेही सांगितलं. दुसऱ्या प्रकाराचंही सांगितलं, कारण आता मला काही मागे ठेवायचं नव्हतं.

"म्हणजे त्यात वासरू एकदाच गेलं?" त्यांनी विचारलं.

"एकदाच, पण गेलंच. आपलं हे ते नाही."

"आणि आपण पितो त्या दुधाच्या गाईचे गोऱ्हे कुठे जातात, हे कुठल्या पाकिटावर लिहितात?"

मी काही बोलले नाही. बाहेर पोरं गाणी लावत होती. आत्यांनी पाकीट उलटंपालटं केलं, परत माझ्या हातात दिलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सूर्यास्त कितीला आहे?"

"सहा वाजून अठरा मिनिटांनी."

"मग भाकरीचा तुकडा दे एक. कडक बघून."