युद्धबातमीच्या कसोटीची कुळकथा

युद्धातल्या बातम्या खोट्या निघतात, हा अनुभव जुना आहे. क्रिमियन युद्धात सेव्हास्तोपोल पडल्याची बातमी 1854 मध्येच लंडनला पोहोचली होती. शहर पडले सप्टेंबर 1855 मध्ये. 1900 साली पेकिंगच्या वेढ्यात सगळे परदेशी कापले गेल्याचे लंडनच्या 'डेली मेल'ने छापले, तर 'टाइम्स'ने आपल्याच वार्ताहराचा, मॉरिसन यांचा, मृत्युलेख छापून टाकला. मॉरिसन जिवंत होते.

असे किस्से चघळणे सोपे. पण एखाद्या पत्राची वर्षानुवर्षांची युद्धवार्ता तपासायची कशी? ती रीत वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या अमेरिकी पत्रकारांनी घालून दिली. लिपमन यांना प्रचार आतून ठाऊक होता. 1918 मध्ये लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात कॅप्टन असताना त्यांनी जर्मन सैनिकांसाठी पत्रके लिहिली होती.

दोघांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मधल्या, मार्च 1917 ते मार्च 1920 या काळातल्या रशियाविषयीच्या बातम्या काढल्या. पण खरे काय ते ठरवायचे कोणाच्या शब्दावर? साक्षीदार तर सगळेच कुठल्या ना कुठल्या बाजूचे. म्हणून त्यांनी निर्विवाद घटनाच मापाला घेतल्या: जुलै 1917 ची रशियन चढाई फसली, नोव्हेंबरात बोल्शेविकांनी सत्ता घेतली, मार्च 1918 मध्ये जर्मनीशी तह झाला, बोल्शेविकांविरुद्ध लढणारे श्वेत सेनापती हरले आणि मार्च 1920 मध्येही सोव्हिएत सत्ता टिकून होती. त्या त्या वेळी वाचकाला काय सांगितले जात होते, ते या घटनांशी ताडून पाहिले.

निकाल 4 ऑगस्ट 1920 च्या 'न्यू रिपब्लिक'च्या पुरवणीत आला. बातम्यांवर विश्वास ठेवला तर नोव्हेंबर 1917 पासूनच्या दोन वर्षांत सोव्हिएत सत्ता 91 वेळा कोसळली होती किंवा कोसळायच्या बेतात होती. लेनिन तीनदा तुरुंगात पडले, एकदा तर मारलेही गेले. यामागे कट नव्हता. वार्ताहर आणि संपादक यांच्या मनातली आशा आणि धास्ती बातमीत उतरली होती, असे दोघांचे म्हणणे. हेच मर्झ 1938 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या संपादकीय पानाचे प्रमुख झाले.

त्या 91 बातम्या रद्दीत घालायच्या नाहीत. रशियात काय घडले याचा पुरावा म्हणून त्या निकामी. पण अमेरिकेत काय घडावेसे वाटत होते, याचा तो अस्सल पुरावा. तेव्हा जुना युद्धकाळचा अंक उघडाल तर आधी ठरवा, त्याला साक्ष कशाची विचारायची.